पहिली ते बारावी एकाच सरकारी शाळेत: इंदूरच्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतील पालक सरकारी शाळेचा विचार करू लागले, की प्राथमिक आणि वरचे वर्ग एकाच छताखाली असलेली शाळा चांगली की लहान मुलांची वेगळी शाळा चांगली, हा प्रश्न हमखास निघतो. खालील उत्तरे मध्य प्रदेशातील व्यवस्था आणि देशभर लागू असलेला कायदा यांच्या आधारे दिली आहेत. जेथे मत आहे तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

एकत्रित शाळा म्हणजे नेमके काय?

मध्य प्रदेशात शालेय शिक्षणाचे चार टप्पे रूढ आहेत: पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी माध्यमिक, नववी-दहावी हायस्कूल आणि अकरावी-बारावी हायर सेकंडरी. पुण्या-नागपूरकडील नातेवाइकांशी या विषयावर बोलताना येथील माध्यमिक शाळा आठवीलाच संपते, हे ध्यानात ठेवलेले बरे. या टप्प्यांच्या शाळा बहुधा स्वतंत्र असत आणि अनेक ठिकाणी एकाच आवारात दोन-तीन फलक, दोन-तीन मुख्याध्यापक आणि दोन-तीन हजेरीपट अशी स्थिती असे. हे सर्व वर्ग एका प्रमुखाच्या हाताखाली, एकाच युडायस क्रमांकावर (सरकारी नोंदीतील शाळेचा क्रमांक) आणि एकाच दप्तरात आणले, की ती एकत्रित शाळा होते. भिंत पाडली किंवा फाटक एक केले, एवढ्याने ती होत नाही.

ही कल्पना आली कोठून?

१९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने एक हायस्कूल आणि तिच्या परिसरातील प्राथमिक शाळा यांचे संकुल करावे, अशी शिफारस केली होती. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीच कल्पना पुन्हा उचलून धरली आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातील खालच्या वर्गांच्या शाळा व अंगणवाड्या नववीपुढील वर्गांच्या एका शाळेशी जोडण्याचा विचार मांडला. या दोन्ही ठिकाणी शाळा आपापल्या जागीच राहतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि विषयशिक्षक मात्र त्यांनी वाटून घ्यायचे असतात. हे विलीनीकरण नव्हे.

विलीनीकरण म्हणता येईल असे काम मध्य प्रदेशात ‘एक परिसर, एक शाला’ या नावाने २०१८च्या सुमारास झाले. त्यात एकाच आवारातील किंवा अगदी लगतच्या सुमारे ३५ हजार शाळांचे एकत्रीकरण होऊन सुमारे १६ हजार शाळा उरल्या. तिसरा प्रकार २०२१ मध्ये मंजूर झालेल्या सीएम राइज शाळांचा, ज्यांना २०२५ पासून सांदीपनि विद्यालय म्हणतात. या पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंतच्या, मोठ्या इमारतीच्या आणि मुलांना बसने आणण्याची सोय योजनेतच धरलेल्या शाळा आहेत. आपल्यासमोरची शाळा या तिन्हींपैकी कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारावे, कारण पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

माझ्या मुलाला याचा प्रत्यक्ष लाभ काय?

सर्वांत मोठा लाभ आठवी आणि नववी यांच्यामधील उंबरठ्यावर होतो. आठवीनंतर शाळा बदलावी लागली, की दाखला काढणे, नवी शाळा शोधणे, लांबचा प्रवास, नवा गणवेश हे सारे एकाच उन्हाळ्यात करावे लागते. ज्या घरात मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते किंवा मुलगा वडिलांच्या दुकानावर बसू लागलेला असतो, त्या घरात शिक्षण नेमके येथेच सुटते. एकत्रित शाळेत नववी हा फक्त पुढचा वर्ग असतो. शिवाय सहावीतल्या मुलाला प्रयोगशाळा पाहायला मिळते, भावंडे एकाच शाळेत जातात आणि पालकांना दोन ठिकाणी सभांना जावे लागत नाही.

हे लाभ खरे असले तरी आपोआप मिळत नाहीत. प्रयोगशाळेची किल्ली अकरावी-बारावीच्या शिक्षकाकडे असेल आणि सहावीच्या वेळापत्रकात तिचा तासच नसेल, तर ती एकाच आवारात असून उपयोग काय?

शाळा एकच असेल तर आठवीपर्यंतच्या सवलती पुढेही चालू राहतात का?

नाही, आणि पालकांची सर्वाधिक गफलत येथेच होते. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २१-क हे सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरते आहे आणि त्यावर उभा राहिलेला, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीपुरता आहे. वयाने चौदा ओलांडलेले मूल आठवीपर्यंत पोचले नसेल, तर ते आठवी पूर्ण करीपर्यंत मोफत शिकू शकते. परंतु आठवी पूर्ण होताच या कायद्याचे छत्र संपते. शाळेचा फलक एक झाल्याने कायद्याची ही सीमा हलत नाही.

दुपारचे जेवण हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. २०२१ पासून पीएम पोषण या नावाने चालणारी ही योजना आठवीपर्यंतच आहे. पहिली ते पाचवीसाठी १०० ग्रॅम धान्य आणि ४५० उष्मांक, तर सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य आणि ७०० उष्मांक असे तिचे प्रमाण आहे. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचा, वाढीच्या वयातला मुलगा ज्या दिवशी नववीत जातो, त्या दिवसापासून त्याच आवारात, त्याच स्वयंपाकघरासमोर त्याला पान मिळत नाही, आणि धाकटी बहीण मात्र पंगतीत बसलेली असते. वेगळ्या शाळांत ही गोष्ट डोळ्यांआड राहत असे. एकत्रित शाळेत ती रोज दिसते. नववीपासून डबा द्यावा लागेल हे घरात आधीच ठरवून ठेवावे. ज्यांना तो देणे कठीण आहे अशा मुलांसाठी शाळा समाजाच्या मदतीने काही करू शकते का, हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडण्यासारखा आहे.

पाठ्यपुस्तके राज्य शासन सरकारी शाळांत वरच्या वर्गांनाही मोफत देते. गणवेशाची योजना आठवीपर्यंत आहे. नववीपासून माध्यमिक शिक्षा मंडळाकडील नोंदणी (नामांकन) आणि परीक्षा यांचे शुल्क सुरू होते. त्यात प्रवर्गानुसार सवलती असल्याने प्रवेशाच्या वेळीच चौकशी करावी.

हायर सेकंडरीचे शिक्षक पहिलीच्या वर्गाला शिकवतील का?

तसे होऊ नये, आणि नियमही त्याला अनुकूल नाहीत. मध्य प्रदेशात प्राथमिक शिक्षक, माध्यमिक शिक्षक आणि उच्च माध्यमिक शिक्षक असे तीन वेगळे संवर्ग आहेत आणि प्रत्येकाची अर्हता वेगळी आहे. प्राथमिकसाठी डीएलएड आणि पात्रता परीक्षा लागते, तर उच्च माध्यमिकसाठी विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बीएड. केवळ बीएड असलेला उमेदवार पहिली ते पाचवीसाठी पात्र नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. त्या दिवसापूर्वी नियमित नेमणूक झालेल्यांना नंतर संरक्षण मिळाले. या निकालामागील विचार सरळ आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखायला लावणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि रसायनशास्त्रात प्रावीण्य असणाऱ्या व्यक्तीजवळ ते असेलच असे नाही.

अडचण कागदावर नव्हे, रोजच्या कारभारात उद्भवते. दहावीच्या गणिताचा शिक्षक रजेवर गेला, की प्राचार्यांची नजर माध्यमिक शिक्षकाकडे जाते, माध्यमिकचा तास मोकळा राहिला की प्राथमिक शिक्षकाला वर बोलावले जाते, आणि शेवटी पहिली-दुसरीची मुले एका वर्गात कोंबली जातात. मंडळाचा निकाल वर्तमानपत्रात छापून येतो, दुसरीतल्या मुलांना वाचता येते की नाही हे छापून येत नाही. त्यामुळे ओढ नेहमी वरच्या दिशेने लागते. कायद्याचे प्रमाण मात्र स्पष्ट आहे: पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, आणि दीडशेहून अधिक मुले असल्यास पाच शिक्षक व एक मुख्याध्यापक. सहावी ते आठवीत प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक. शाळा एकत्र झाली तरी हे प्रमाण त्या-त्या टप्प्यालाच लावायचे असते. सर्व शिक्षक आणि सर्व मुले यांचा एकच भागाकार काढून ‘आमचे प्रमाण उत्तम आहे’ असे कोणी सांगू लागल्यास पहिली ते पाचवीचा आकडा वेगळा मागावा.

प्राथमिक विभागाला स्वतंत्र मुख्याध्यापक राहतो का?

एकत्रित शाळेचे प्रमुख सामान्यतः सर्वांत वरच्या टप्प्याचे प्राचार्य असतात. त्यांच्याकडे बारावीपर्यंतचे वर्ग, मंडळाच्या परीक्षा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पुष्कळ ठिकाणी आजूबाजूच्या शाळांचे वेतन काढण्याचे काम (संकुल प्राचार्यपद) असे सगळे असते. अशा व्यक्तीने रोज पहिलीच्या वर्गात डोकावावे ही अपेक्षा अवास्तव आहे. म्हणून प्राथमिक विभागाची जबाबदारी एका नावाच्या व्यक्तीवर असावी, तिचे तास थोडे कमी करावेत आणि पालकांना तिला थेट भेटता यावे. माझ्या मते शाळा निवडताना इमारतीपेक्षा या एका गोष्टीला जास्त वजन द्यावे. ‘प्राथमिकचे कोण पाहते?’ या प्रश्नाला लगेच नाव घेऊन उत्तर मिळाले, तर एकत्रीकरण बहुधा नीट झालेले असते.

शाळा एक झाल्याने निधी वाढतो की घटतो?

इमारत, प्रयोगशाळा, बस यांवर सांदीपनि विद्यालयांत मोठा खर्च होतो, तो प्रश्न वेगळा. केवळ आवारापुरते विलीनीकरण झाले असेल तर वार्षिक शाळा अनुदान घटण्याची शक्यता असते. हे कसे ते हिशेबाने पाहणे योग्य ठरेल. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षणाची योजना एकत्र करून समग्र शिक्षा ही योजना आली. तिच्यात शाळेला पटसंख्येच्या टप्प्यांनुसार एकत्रित अनुदान मिळते: ३१ ते १०० मुलांना २५ हजारांपर्यंत, १०१ ते २५० मुलांना ५० हजारांपर्यंत, २५१ ते १,००० मुलांना ७५ हजारांपर्यंत आणि त्यापुढे एक लाखापर्यंत. समजा एका आवारात ९०, १२० आणि ३०० मुलांच्या तीन शाळा होत्या. त्यांचे मिळून दीड लाख होतात. त्या एक झाल्या की पट ५१० होतो आणि अनुदान ७५ हजारांवर येते. मुले तेवढीच, वर्गखोल्या तेवढ्याच, शौचालयेही तेवढीच राहतात. फळा, खडू, झाडू आणि नळदुरुस्तीचे पैसे मात्र निम्मे होतात. ही बाब समितीतील पालकांना बहुधा कोणी सांगत नाही.

आमची तक्रार नेमक्या कोणत्या कार्यालयाची?

येथे एकत्रीकरण अपुरे राहिले आहे. मध्य प्रदेशात पहिली ते आठवीचा कारभार राज्य शिक्षा केंद्राकडे असतो आणि त्याची साखळी जिल्ह्यात डीपीसी (जिल्हा प्रकल्प समन्वयक), विकासखंडात बीआरसी (स्रोत समन्वयक) आणि खाली जनशिक्षक अशी उतरते. नववी ते बारावी लोक शिक्षण संचालनालयाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे असते. एका छताखालील प्राचार्यांना त्यामुळे दोन्हीकडील पत्रांना उत्तरे द्यावी लागतात. पालकांनी सोपा नियम धरावा: जेवण, गणवेश, पाचवी-आठवीची परीक्षा या बाबी पहिल्या साखळीकडे, नामांकन आणि वरच्या वर्गांचे विषयशिक्षक दुसऱ्या साखळीकडे.

सहा वर्षांचे मूल आणि अठरा वर्षांचा विद्यार्थी एकाच आवारात असणे सुरक्षित आहे का?

ही काळजी रास्त आहे. तिच्यावरचा उपाय वेळ आणि जागा यांच्या आखणीत आहे. लहान मुलांचे वर्ग तळमजल्यावर, त्यांची शौचालये वेगळी आणि वर्गांच्या नजरेच्या टप्प्यात, मधली सुट्टी वेगळ्या वेळी आणि सुटण्याची वेळ निदान पंधरा-वीस मिनिटे आधी, एवढे केले तरी बराच फरक पडतो. मुलामुलींची स्वतंत्र शौचालये, अडथळाविरहित प्रवेश आणि खेळाचे मैदान या कायद्यातील किमान अटी आहेत. पण मैदान एकच असेल तर दुपारी ते मोठ्या मुलांच्या क्रिकेटचे होते आणि लहानगी कडेला उभी राहतात. मैदानाचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले आहे का, हे शाळा पाहायला गेल्यावर सहज पाहता येते.

दिवसाच्या लांबीचाही विचार हवा. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरवले आहे. म्हणजे लहानांचे रोजचे अध्यापन सरासरी चार तासांचे आहे. बस एकच असल्याने सर्वांना एकाच घंटेपर्यंत थांबवून ठेवणे हा कारभाराच्या सोयीचा मार्ग झाला. तसे करायचेच असेल, तर उरलेल्या वेळेत गोष्टी, चित्रकला, खेळ असावेत आणि त्यासाठी माणूस नेमलेला असावा.

शाळा लांब गेली तर?

एकाच आवारातील विलीनीकरणात अंतर बदलत नाही. अनेक छोट्या शाळांची मुले एका मोठ्या शाळेत नेण्यात मात्र ते वाढते. शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीसाठी चालत एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा धरलेली आहे. इंदूरमध्ये नकाशावरचे अंतर फसवे असते, कारण एबी रोड किंवा रिंग रोड ओलांडायचा असेल तर अर्धा किलोमीटरही सात वर्षांच्या मुलाला एकट्याने जाण्यासारखा नसतो. बस लेखी स्वरूपात कबूल झालेली नसेल, तर जवळची छोटी शाळा सोडण्याची घाई करू नये.

मराठी शिकण्याचे काय?

राज्यघटनेचे कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे सांगते. हे कलम १९५६च्या सातव्या दुरुस्तीने आले, म्हणजे ज्या वर्षी मध्य भारत आणि त्याच्यासह इंदूर नव्या मध्य प्रदेशात आले, त्याच वर्षी. प्रत्यक्षात येथील सरकारी शाळांचे माध्यम मुख्यतः हिंदी आहे आणि भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या विषयांत मराठी हा भाषेचा एक पर्याय आहे. विषय यादीत असणे आणि शाळेत शिक्षक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकत्रित शाळेचा येथे एक फायदा होऊ शकतो: विखुरलेल्या पाच-सात मराठी मुलांसाठी कोणी शिक्षक मागत नाही, पण मोठ्या पटाच्या शाळेत वेगवेगळ्या वर्गांतली मुले मिळून मागणीला आकार येतो. तशी मागणी पालकांनी नावे-वर्गांसह लेखी द्यावी. लिपी एकच असल्याने आपली मुले वाचायला लवकर शिकतात, म्हणून शब्दसंपत्ती आणि लेखन यांवर घरी भर दिला तरी पुष्कळ साधते.

प्रवेशासाठी कोणते कागद लागतात आणि नावाचा घोळ कसा टाळावा?

समग्र आयडी (राज्य शासनाचा ओळख क्रमांक), आधार, जन्मदाखला आणि आधीच्या शाळेचा दाखला हे कागद नेहमी मागितले जातात. मात्र वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असणे अपेक्षित आहे.

नावाचा प्रश्न खास आपल्या लोकांचा आहे. आपण मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव सलग लिहितो. येथील दप्तरात विद्यार्थी, आई आणि वडील यांच्या नावांसाठी स्वतंत्र रकाने असतात. परिणामी जन्मदाखल्यावर तीन शब्द, आधारवर दोन आणि स्कॉलर रजिस्टरमध्ये (शाळेच्या विद्यार्थी नोंदवहीत) तिसरेच काही असे होते. एकत्रित शाळेत पहिलीला लिहिलेले नावच नववीच्या नामांकनापर्यंत पुढे सरकते आणि मंडळाच्या गुणपत्रिकेवर उतरते. मध्ये शाळा बदलली की चूक उघडकीस येण्याची एक संधी मिळायची, ती आता मिळत नाही. म्हणून आठवीच्या वर्षी रजिस्टरमधील नाव आणि जन्मतारीख स्वतः पाहून यावी.

पाचवी आणि आठवीत मूल नापास होऊ शकते का?

होय. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना तशी मुभा दिली आणि मध्य प्रदेशात राज्य शिक्षा केंद्र या दोन वर्गांची परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर घेते. नापास मुलाला जादा शिकवणी आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागते; त्यानंतर त्याच वर्गात ठेवता येते, परंतु आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

समितीत पालकांचा आवाज किती?

आठवीपर्यंतच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. नववीपुढे व्यवस्थापन व विकास समिती असते आणि तिला या कायद्याचा आधार नाही. दोन्ही एकत्र बसवल्या जातात तेव्हा चर्चा दहावी-बारावीच्या निकालावर जाते, त्यामुळे प्राथमिकच्या पालकांनी आपला विषय कार्यसूचीत आधीच लिहून घ्यावा.

दाद कोणाकडे मागावी?

प्रथम प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पहिली ते आठवीच्या हक्कांबाबत कायद्याने स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. त्याने तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील करता येते. सीएम हेल्पलाइनच्या १८१ या क्रमांकावर कोणत्याही वर्गाची तक्रार नोंदवता येते. नववीपुढील विद्यार्थ्याला शिक्षण हक्क कायद्याची ही वाट उपलब्ध नसली, तरी अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याच्या सुरक्षिततेचे प्रश्न बाल हक्क आयोगाकडे नेता येतात.